गोल्फची मास्टर्स २०२५ : तेराव्या होलवर रोरीने हात आखडता घ्यायला नको होता का?

पहाटवारा | १४ एप्रिल, सकाळी ९:२०

मंडळी, आज आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून काल रात्रभर निवांत जागता आलं. शेवटची जोडी आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाली आणि निकाल लागेपर्यंत खिडकीबाहेर कोकीळ ओरडायला लागली होती. रोरी मॅकिलरॉय जिंकला. बरोबरी झाल्यावर खेळतात त्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर जस्टिन रोझला हरवून. चार फुटांचा पट (होलकडे हलकेच ढकलायचा फटका) आत गेला आणि तो गुडघ्यांवर कोसळून रडायला लागला, तेव्हा इकडे माझेही डोळे भरून आले.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोरी चौथ्या दिवशी १२ अंडरवर, म्हणजे ब्रायसन डिशँबोपेक्षा दोन फटक्यांनी पुढे राहून उतरला. पहिल्याच होलला डबल बोगी, आघाडी गेली. दुसऱ्या होलनंतर डिशँबो पुढे. मग रोरीने तिसऱ्या-चौथ्याला बर्डी, नवव्या-दहाव्याला बर्डी मारून १४ अंडर गाठलं आणि चार फटक्यांची आघाडी घेतली. घोडं गंगेत न्हालंच म्हणायचं! आणि मग तेरावा होल.

माझा प्रश्न त्या तेराव्याबद्दलच आहे. पार ५, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, पुढ्यातून ओढा वाहतो. रोरीने धोका नको म्हणून दुसरा फटका मुद्दाम आखूड मारला, ओढ्याच्या अलीकडे ठेवला. आता ८०-८५ यार्ड उरले, हातात वेज, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी. जगातला कुठलाही व्यावसायिक खेळाडू झोपेत मारेल असा फटका. चेंडू उजवीकडे निघाला आणि थेट ओढ्यात. डबल बोगी. चौदाव्याला आणखी एक बोगी. होती नव्हती ती आघाडी साफ.

माझं म्हणणं, ज्या माणसाचा सगळा खेळ लांब आणि बेधडक मारण्यावर उभा आहे, त्याने तिथे आखडता हात घ्यायलाच नको होता. तुम्हाला काय वाटतं?

शेंगदाणा | सकाळी ९:३१

दुष्काळात तेरावा होल! 😄

अनुराधा_क | सकाळी ९:४४

अभिनंदन सगळ्या रोरीभक्तांचं. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण नवरा पहाटे "गेला, गेला, पाण्यात गेला" म्हणून ओरडला, तेव्हा मला वाटलं टाकी वाहून गेली. उठून बघितलं तर हा टीव्हीसमोर डोकं धरून. मग मीही बसले शेवटपर्यंत. त्यामुळे आता खरंच विचारते, बर्डी, बोगी, अंडर म्हणजे नक्की काय? आणि तो माणूस एवढा का रडला?

खडकवासला | सकाळी १०:०२

अनुराधाताई, प्रत्येक होलला ठरलेले फटके असतात, त्याला पार म्हणायचं. पार ४ म्हणजे चार फटक्यांत चेंडू खळग्यात. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. मास्टर्स होते त्या ऑगस्टाच्या मैदानाचं पार ७२. असे चार दिवस, रोज १८ होल. रोरी आणि रोझ दोघांचे २७७ फटके झाले, म्हणजे पारपेक्षा ११ कमी. म्हणून "११ अंडर".

आता रडण्याबद्दल. पुरुषांच्या गोल्फमध्ये चार मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, असतात : मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन. रोरीने २०१४ पर्यंत मास्टर्स सोडून बाकी तीन जिंकल्या होत्या, त्यातली पीजीए दोनदा. वय होतं २५. तेव्हा सगळे म्हणाले, मास्टर्स काय, पुढच्या वर्षी येईल. त्यानंतर ११ वर्षं मास्टर्स सोडाच, एकही मेजर हाती लागली नाही. चारही मेजर जिंकलेले त्याच्याआधी फक्त पाच जण : सॅराझेन, होगन, प्लेयर, निकलस आणि टायगर वुड्स. रोरी सहावा, आणि पहिला युरोपीय.

त्यात २०११ ची जखम. त्या वर्षी याच मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला होता. २१ वर्षांचं पोर. ८० फटके खेळला. दहाव्या होलला चेंडू झाडीपलीकडच्या केबिनपाशी गेला होता, ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. काल प्रत्येक चुकीनंतर मला तेच आठवत होतं.

अनुराधा_क | सकाळी १०:०९

आता कळलं. चौदा वर्षं एकाच उंबरठ्यावर अडखळायचं म्हणजे रडणारच हो माणूस. धन्यवाद!

मावळतीर | सकाळी १०:२५

पहाटवारा, तुमच्या मुद्द्याशी असहमत. आखडता हात घेणं बरोबरच होतं. त्या क्षणी त्याच्याकडे आघाडी होती. दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर जायला गेला असता आणि चेंडू पाण्यात पडला असता, तर आज तुम्हीच "कशाला नको ते धाडस केलं" असा धागा काढला असतात. निर्णय आणि फटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय शंभर टक्के योग्य, फटका वाईट.

तेराव्याचं फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, उजवीकडून डावीकडे उतरतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वर राहतो. अशा उतारावरून लांबचा फटका मारायचा आणि समोर ओढा. २०२३ मध्ये त्या होलची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ३५ यार्ड मागे नेली, आता तो ५४५ यार्डांचा आहे. पूर्वी सगळे दोन फटक्यांत ग्रीन गाठायचे, आता विचार करावा लागतो.

पहाटवारा | सकाळी १०:४०

@मावळतीर, निर्णय योग्य असेल तर मग फटका वाईट का पडला? माझं म्हणणं तेच आहे. सावध निर्णय घेतला की हातही सावध होतात. पंधराव्याला बघा ना. झाडं आडवी, २०० यार्डांहून जास्त अंतर, समोर तळं. तिथे त्याने ७ आयर्नची काठी घेऊन चेंडू झाडांना वळसा घालून असा काही वळवला की होलपासून सहा फुटांवर थांबला. तो फटका मारणारा आणि तेराव्याला पाण्यात घालणारा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

निळूभाऊ | सकाळी १०:५५

आणि तो सहा फुटांचा ईगलचा पट चुकला हे विसरू नका. बर्डीवर समाधान.

मी ६८ वर्षांचा आहे. १९९६ ला याच मैदानावर ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटके पुढे राहून उतरला आणि निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. ११ फटक्यांचा फरक एका दिवसात! १९९९ ला कार्नूस्टीला द ओपनमध्ये फ्रान्सचा वान द वेल्ड. शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी, सहा मारले असते तरी जिंकला होता. चेंडू गवतात, मग ओढ्यात. तो बूट-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, चेंडूकडे बघत उभा राहिला. सात फटके झाले, प्लेऑफला गेला आणि हरला. जिंकला कोण, तर त्या दिवशी दहा फटके मागून सुरुवात केलेला पॉल लॉरी.

वान द वेल्डबद्दल सगळे म्हणतात आखडता हात घ्यायला हवा होता. रोरीने घेतला तर म्हणतात घ्यायला नको होता. ज्याची म्हैस ओढ्यात जाते त्याला गावभर सल्ले मिळतात.

शेंगदाणा | सकाळी १०:५८

निळूभाऊ, "म्हैस ओढ्यात" 👏👏

अटलांटाकर | सकाळी ११:१५ (इकडे अजून रविवारची मध्यरात्र)

झोप येत नाहीये, म्हणून लिहितो. ऑगस्टा आमच्यापासून गाडीने साधारण अडीच तास. तिकिटं सोडतीतून मिळतात. सात वर्षं अर्ज केल्यावर यंदा बुधवारच्या सरावाची दोन मिळाली. बायको आणि मी गेलो होतो.

दोन गोष्टी सांगतो ज्या टीव्हीवर कळत नाहीत. एक, उतार. टीव्हीवर ते मैदान गालिच्यासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात अठराव्याच्या फेअरवेवरून ग्रीनकडे चालताना धाप लागते, पर्वती चढल्यासारखी. दुसरी गोष्ट, मोबाइल आत नेता येत नाही. हजारो माणसं, आणि एकाच्याही हातात फोन नाही. सगळे नुसते बघतात. कुणाला फोन करायचा असेल तर क्लबने फुकट फोन ठेवलेत, तिथे रांगेत उभं राहायचं. बायकोने तिथून आईला फोन लावला. सासूबाईंना वाटलं कुठल्या तरी इस्पितळातून फोन आलाय.

बुधवारी पार ३ ची मजेची स्पर्धा असते, खेळाडू बायकामुलांना घेऊन खेळतात. रोरीच्या चार वर्षांच्या लेकीने, पॉपीने, नवव्या ग्रीनवर लांबून पट मारला. चेंडू हळूहळू उतारावरून वळत वळत गेला आणि टप्पकन आत पडला. जो काही गजर झाला! रोरीने तिला उचलून घेतलं. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, यंदा या घरात काहीतरी शुभ आहे.

तिथे झाडं खूप आहेत कारण जागा मूळची रोपवाटिकेची. बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती घेऊन मैदान केलं, पहिली स्पर्धा १९३४ ला. प्रत्येक होलला झाडाफुलांचं नाव आहे. तेरावा अझेलिया, अठरावा हॉली. बुधवारी तेराव्याच्या ओढ्याकाठी उभा राहून मी मनात म्हटलं, एवढासा तर आहे, आपल्याकडे याला ओहळ म्हणतील. काल त्यात चेंडू जाताना बघून पोटात गोळा आला.

स्वरदा | सकाळी ११:३७

अटलांटाकर, काय सुंदर लिहिलंत!

मला मात्र रोझचं वाईट वाटतंय आणि त्याच्याबद्दल इथे कुणी काहीच बोलत नाहीये. ४४ वर्षांचा माणूस. पहिल्या दिवशी ६५ मारून आघाडीवर. तिसऱ्या दिवशी ७५, सगळ्यांनी त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. आणि शेवटच्या दिवशी दहा बर्डी! ६६. अठराव्यावर २० फुटांचा पट आत घालून बरोबरी साधली. २०१७ ला पण तो असाच प्लेऑफमध्ये हरला होता, सर्जिओ गार्सियाकडून. मास्टर्समध्ये दोन प्लेऑफ हरलेला त्याच्याआधी एकच, बेन होगन. पण होगनने नंतर-आधी दोनदा जिंकलीही. रोझकडे विजेत्याचा हिरवा कोट नाहीच.

हरल्यावर त्याने रोरीला मिठी मारली, ती लांबलेली मिठी बघा एकदा. हातातोंडाशी आलेला घास गेलेल्या माणसाने एवढ्या मनापासून दुसऱ्याचं कौतुक करणं सोपं नाही.

खडकवासला | सकाळी ११:४९

+१. रोझ २०१३ चा यूएस ओपन विजेता आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता आहे. कारकीर्द मोठीच. पण कालच्या रात्री त्याच्या वाट्याला जे आलं ते बघवत नव्हतं.

विटीदांडू | दुपारी १२:१०

मुळात एवढ्या श्रीमंतांच्या खेळाचं आपल्याला काय एवढं? विजेत्याला ४२ लाख डॉलर मिळाले म्हणे. आपल्याकडे गोल्फ म्हणजे लष्करातले अधिकारी आणि कंपन्यांचे साहेब. सामान्य माणसाला कुंपणापलीकडे पाऊल टाकता येत नाही.

अनुराधा_क | दुपारी १२:१८

विटीदांडू, मुद्दा बरोबर आहे, पण रोरीचे आईवडील श्रीमंत नव्हते असं नवरा सांगतोय. वडील क्लबच्या बारमध्ये आणि आणखी दोन-तीन ठिकाणी कामं करायचे, आई कारखान्यात रात्रपाळी करायची. एकुलत्या एका मुलाचा खेळ चालावा म्हणून.

चेंबूरकाका | दुपारी १:०५

विटीदांडू, कुंपणाबद्दल तुम्ही बोललात म्हणून लिहितो, एरवी मी नुसताच वाचतो.

मी वयाच्या बाराव्या वर्षापासून सतरा वर्षं कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणारा, होतो. मुंबईतल्या एका क्लबात. नाव नको. पहाटे पाचला गेटबाहेर रांग, साहेब बोट दाखवतील तो पोरगा आत. पिशवी खांद्यावर, वजन माझ्याएवढं. पाणी प्यायचं भांडं वेगळं होतं. हे १९७० च्या दशकातलं सांगतोय. आज जयंती आहे, सकाळी मिरवणुकीहून आलो आणि हा धागा वाचला, म्हणून तेही सांगून टाकतो.

ऑगस्टातही असंच होतं. मास्टर्समध्ये १९८२ पर्यंत खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणता येत नसे, क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय. मैदानाचा प्रत्येक उतार त्यांना पाठ. पण कृष्णवर्णीय माणूस त्या स्पर्धेत खेळाडू म्हणून उतरला तो १९७५ ला, ली एल्डर. क्लबचा पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० ला. बायकांना सभासदत्व २०१२ ला. हे सगळं मला माहीत आहे आणि तरीही काल रात्री मी जागा होतो, कारण खेळ माझाही आहे. पिशवी उचलता उचलता तो मी डोळ्यांनी शिकलो. आमच्या चेंबूरच्या गल्ल्यांत पोरं लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात. घराच्या पत्र्यावर चेंडू गेला तर तिथून पुढे खेळायचं. माझा पुतण्या त्यातच तयार झाला.

आता तेराव्याबद्दल. पहाटवारा आणि मावळतीर, तुम्ही दोघंही काठीकडे बघताय. मी हातांकडे बघतो. कॅडीला साहेबाच्या चेहऱ्याकडे बघायची सोय नसते, म्हणून नजर हातांवर राहते. मारायच्या आधी उजव्या अंगठ्याचं नख बघायचं. गुलाबी असेल तर फटका चांगला पडणार. पांढरं पडलं असेल तर साहेबाने काठी आवळलीय, चेंडू उजवीकडे जाणार.

लांबच्या फटक्यात पूर्ण ताकद लावायची असते, त्यामुळे आवळलेला हात वेगात सुटून जातो. ८० यार्डांचा फटका अर्ध्या झोक्याचा. तिथे ताकद मोजून लावायची असते, आणि मोजायला वेळ मिळाला की माणूस काठी आवळतो. पंधराव्याला त्याला मोजायला काही नव्हतंच. झाडं होती, तळं होतं, एकच वाट होती.

पहाटवारा | दुपारी १:२२

काका, हे वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आणि जय भीम.

विटीदांडू | दुपारी १:३०

काका, माफ करा, मी उगाच सरसकट बोललो. तुमच्या पुतण्याबद्दल अजून लिहा ना.

चेंबूरकाका | दुपारी १:४१

माफी कसली, तुम्ही खरंच तर बोललात. पुतण्या आता एका सराव मैदानावर पोरांना शिकवतो. त्याच्या हाताखालची दोन मुलं स्पर्धा खेळतात. पायात बूट आहेत, याचं मला फार बरं वाटतं.

मावळतीर | दुपारी २:००

मराठी माणसं आणि गोल्फ हा विषय निघालाच आहे तर, पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला होता. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि ऐन वेळी याला जागा मिळाली. अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्याचा. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपला तो संयुक्त पाचवा आला होता. पुरुषांच्या मेजरमध्ये भारतीयाने केलेली सगळ्यात मोठी कामगिरी. २०२२ ला प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने दुसरा. तिथेही गंमत बघा, जिंकणाऱ्या कॅमरॉन स्मिथने अठराव्यावर चेंडू पाण्यात घातला होता आणि तरी जिंकला.

स्वरदा | दुपारी २:१४

आणि अदिती अशोक! ७ ऑगस्ट २०२१. ज्या दिवशी संध्याकाळी नीरजने भाला फेकला त्याच दिवशी पहाटे सगळा देश उठून गोल्फ बघत होता. पट म्हणजे काय हेही ज्यांना माहीत नव्हतं ते "अगं हळू मार" म्हणत होते. एका फटक्याने कांस्य गेलं. तिची कॅडी कोण होती माहितेय? तिची आई. पिशवी घेऊन चार दिवस तिच्याबरोबर चालत होती. काकांचं वाचून मला तीच आठवली.

निळूभाऊ | दुपारी ३:३५

जेवून, वामकुक्षी करून आलो. कॅडीचा विषय निघालाय तर रोरीच्या कॅडीबद्दल बोलायलाच हवं. हॅरी डायमंड. लहानपणापासूनचा मित्र. रोरी हरला की सगळे त्याच्यावर तुटून पडायचे, "मित्राला कशाला पिशवी दिली, अनुभवी माणूस घे." गेल्या वर्षी पाइनहर्स्टला यूएस ओपनमध्ये रोरीने शेवटच्या तीन होलांत दोन छोटे पट चुकवले, एक अडीच फुटांचा, एक पावणेचार फुटांचा, आणि एका फटक्याने डिशँबोकडून हरला. तेव्हा तर त्या बिचाऱ्याला फाडून खाल्लं लोकांनी.

काल अठराव्यावर पाच फुटांचा पट चुकला. तो गेला असता तर तिथेच जिंकला होता. तिथून गाडीत बसून परत अठराव्याच्या टीवर जायचं होतं. त्या वाटेवर हॅरी त्याला एवढंच म्हणाला की सोमवारी सकाळी कुणी आपल्याला ही संधी देऊ केली असती तर आपण आनंदाने घेतली असती. बास. नंतर रोरीनेच हे पत्रकारांना सांगितलं.

चेंबूरकाका | दुपारी ३:५०

निळूभाऊ, एका वाक्यात हात सैल केला त्याने. कॅडीचं खरं काम तेवढंच.

अटलांटाकर | दुपारी ४:०५ (सकाळ झाली, ऑफिसला निघतोय)

मला आता मूळ प्रश्नाकडे यायचंय, कारण काकांच्या बोलण्यावरून रात्रभर, म्हणजे उरलेल्या दोन तासांत, एक गोष्ट डोक्यात घोळत होती.

कालच्या दिवसात रोरीच्या हाती वेज तीन मोक्याच्या वेळी आली. पहिली तेराव्याला, ८०-८५ यार्ड, पाण्यात. दुसरी अठराव्याला, सव्वाशे यार्डांच्या आसपास, गॅप वेज. समोर मोकळं ग्रीन, पार केला की विजय. चेंडू पुन्हा उजवीकडे, वाळूच्या बंकरमध्ये. तिथून बोगी. तिसरी प्लेऑफमध्ये, तोच अठरावा, जवळपास तेच अंतर, तीच काठी. यावेळी चेंडू होलच्या मागे टप्पा घेऊन उतारावरून परत आला आणि चार फुटांवर थांबला. त्याआधी रोझनेही चांगला फटका मारला होता, पंधरा फुटांवर. त्याचा पट चुकला, रोरीचा गेला.

म्हणजे पहाटवारांचा प्रश्न लेअपचा, मुद्दाम आखूड मारण्याचा, नाहीच. दोन वेळा हरलेली परीक्षा त्याने तिसऱ्यांदा त्याच वर्गात बसून दिली.

मावळतीर | दुपारी ४:२०

मला मान्य. आणि आकडा बघा : चार दिवसांत त्याच्या चार डबल बोगी झाल्या. पहिल्या दिवशी पंधराव्या आणि सतराव्याला, काल पहिल्या आणि तेराव्याला. चार डबल बोगी करून याआधी कुणीही मास्टर्स जिंकलेली नाही. त्यामुळे तेराव्याचा निर्णय चूक की बरोबर हा वाद मी इथेच थांबवतो. निर्णय बरोबर होता, हे मात्र सोडत नाही 🙂

पहाटवारा | दुपारी ४:३२

आणि मी माझं सोडत नाही. पण काकांच्या नखाचं मला स्वतः करून बघायचंय. संध्याकाळी सराव मैदानावर जातोय. काका, काही सूचना?

चेंबूरकाका | दुपारी ४:४०

८० पावलांवर टॉवेल अंथरा. नऊ चेंडू पाठोपाठ मारा, थांबू नका. दहाव्याआधी दोन मिनिटं घड्याळ लावून नुसते उभे राहा, टॉवेलकडे बघत. मुलाला सांगा की हा टॉवेलवर पडला तर रात्री आइस्क्रीम. मग मारा. मारताना नख बघा.

शेंगदाणा | संध्याकाळी ५:०२

आइस्क्रीमचा दबाव! आता बघा मजा. निकाल इथे द्यायचा हं.

स्वरदा | संध्याकाळी ६:१५

मी पण थांबलेय निकालासाठी.

पहाटवारा | रात्री ८:१०

आत्ताच आलो. नऊपैकी सहा चेंडू टॉवेलपासून दहा पावलांच्या आत, त्यातला एक टॉवेलच्या काठाला शिवला. दहाव्याआधी दोन मिनिटं उभा राहिलो. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही वाटलं नाही. मग वारा आहे का बघितलं. मग पाय थोडे हलवले. मग मागच्या नऊ फटक्यांत हात कुठवर नेला होता ते आठवायला लागलो, आणि ते काही केल्या आठवेना. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, वेळ झाली."

चेंडू उजवीकडे गेला. टॉवेलपासून तीसेक पावलं.

चेंबूरकाका | रात्री ८:१४

नख?

पहाटवारा | रात्री ८:१५

पांढरं, काका.

अनुराधा_क | रात्री ८:२१

आणि मुलाचं आइस्क्रीम?

पहाटवारा | रात्री ८:२६

त्याने अकरावा चेंडू स्वतः मारायला घेतला. दुसरी संधी म्हणाला, प्लेऑफ. पाच पावलांवर पडला. आंब्याचं घेऊन आलोय, आत्ता खातोय.